पाच ठोके आणि बारा वर्षांचा वादक

बीथोव्हेनच्या व्हायोलिन कन्चेर्टोची सुरुवात व्हायोलिनने होत नाही, नगाऱ्याने होते. टिंपनीवर एकाच सुरात पाच हलके ठोके! बँडमध्ये साइड ड्रम वाजवणाऱ्या माझ्यासारख्याला हे फार आवडले. परेडला आपला ठोका पावलांसाठी असतो; इथे तो सुरावटीचाच भाग आहे, आणि थोड्याच वेळात वाद्यवृंदातली व्हायोलिनेही तोच उचलतात. मुख्य वादक मात्र सुमारे तीन मिनिटे नुसता उभा. सावधानमध्ये उभे राहणे आपल्याला नवे नाही, पण त्यानंतर एकदम एकट्याने वरच्या सप्तकात चढायचे म्हणजे कठीणच.

ही रचना २३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नात फ्रान्झ क्लेमेंटने प्रथम वाजवली. पुढची कित्येक वर्षे ती क्वचितच कोणी हाती घेतली. २७ मे १८४४ ला लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीच्या कार्यक्रमात ती पुन्हा आली. त्या हंगामात मेंडेल्सझोन पाहुणा संचालक होता. त्याने पुढे केलेला वादक योझेफ योआखिम, वय १२! बालकलाकारांना मंचावर आणायचे नाही हा सोसायटीचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला. मुलगा अडखळला असता तर पाहुण्याचा शब्द गेला असता, आणि ती रचनाही पुन्हा कपाटात गेली असती.

अशा वेळी हुकूम कोणाचा? संचालक पाहुणा, वाद्यवृंद त्याने घडवलेला नाही. परेडचे उत्तर इथे चालत नाही. एकल वादक एखादा स्वर जरा लांबवतो. संचालक ते कानाने टिपतो आणि छडीने मागच्या रांगेपर्यंत पोचवतो. शिवाय एका व्हायोलिनचा आवाज झाकला जाऊ नये म्हणून बाकीच्यांना दाबूनही धरतो. म्हणजे तो एकाच वेळी हुकूम देतो आणि पाळतोही.

कॅडेन्झात तर छडी खालीच. सगळे गप्प, वादक एकटा. बीथोव्हेनने व्हायोलिनसाठी या जागी काही लिहून ठेवलेले नाही; योआखिमने स्वतः रचलेले वाजवले. शेवटी दोन शेजारचे स्वर भराभर आलटूनपालटून वाजू लागले की समजायचे, वाद्यवृंदाला परत यायचे आहे.

त्या रात्रीनंतर ही रचना मागे पडली नाही. १ जानेवारी १८७९ ला लाइपझिगमध्ये ब्राह्म्सचा नवा व्हायोलिन कन्चेर्टो प्रथम वाजला. संचालक स्वतः ब्राह्म्स, वादक योआखिम. त्याच कार्यक्रमात योआखिमने बीथोव्हेनचाही वाजवला.