सुख किती अंशांवर?



कोकणातून माळव्यात आलेल्या माणसाला येथला पहिला उन्हाळा पुष्कळ काही शिकवून जातो. आम्ही सुदामा नगरात प्रथम बिऱ्हाड केले ते एका घराच्या वरच्या मजल्यावर. आमच्या मूळच्या घरी दुपार झाली की दारे-खिडक्या सताड उघडावयाच्या आणि समुद्राकडचा वारा घरभर खेळू द्यावयाचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. तोच रिवाज आम्ही येथे ऐन वैशाखात पाळला आणि भट्टीचे तोंड उघडावे तसा तापलेला वारा घरात शिरला. संध्याकाळपर्यंत भिंती, अंथरूण, टेबलावरची पुस्तके, सारे काही तापून निघाले. खालच्या मजल्यावरील आजी जिन्यात भेटल्या. आमची अवस्था पाहून त्या हसून म्हणाल्या, "सर, हे कोकण नव्हे. इथला वारा दुपारी घरात घेऊ नये, रात्री घ्यावा." त्या रात्री आम्ही खिडक्या उघडल्या आणि 'शब-ए-मालवा' म्हणून जिची कीर्ती आहे ती माळव्याची रात्र आमच्या खोलीत आली.

आजींनी एका वाक्यात जो धडा दिला तो आम्ही विसरलो नाही. परंतु त्यातून एक प्रश्न मात्र मनात राहिला. घरात माणसाला बरे वाटते ते नेमके कशामुळे? आणि किती उष्ण म्हणजे फार उष्ण, हे कोणी ठरवावयाचे? आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. तरीही ह्या प्रश्नाचा मागोवा घेताना जे वाचावयास मिळाले ते तुमच्यापुढे ठेवावे, असे वाटले.

प्रथम शरीराचा विचार करू. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्यदेखील सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. म्हणजे जुन्या काळच्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी. ही उष्णता सहजपणे बाहेर पडत राहिली की आपल्याला बरे वाटते. अडली की जीव कासावीस होतो. फार वेगाने गेली की हुडहुडी भरते. तिचे जाणे सहा गोष्टींवर अवलंबून असते: हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती-छताकडून अंगावर येणारी उष्णता, हवेतील बाष्प, वाऱ्याचा वेग, अंगावरील कपडे आणि आपण करीत असलेले श्रम. भिंतीवरचा तापमापक ह्यांपैकी पहिलीच गोष्ट सांगतो. म्हणूनच हवा तितकीच उष्ण असूनही तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत तगमग होते आणि तळमजल्यावर होत नाही.

डेन्मार्कमधील पोव्हल ओले फँगर ह्या शास्त्रज्ञाने ह्या सहाही गोष्टी एका समीकरणात गुंफल्या आणि १९७० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हवामान हवे तसे राखता येईल अशा बंद खोलीत तरुण विद्यार्थ्यांना बसवून, त्यांना कसे वाटते ते विचारून त्याने आपले आडाखे बांधले होते. काम मोठे होते, आणि यंत्राने गार होणाऱ्या इमारतींचे अभियंते आजही त्याचा आधार घेतात. परंतु त्याच्या वापरातून एक समजूत दृढ झाली, की माणूस कोठलाही असो, त्याला एकाच अरुंद पट्ट्यातले तापमान सुखाचे वाटणार. मग इमारतीच्या खिडक्या कायमच्या बंद करणे आणि बारमाही यंत्र चालविणे ओघानेच आले.

परंतु प्रयोगशाळेतला माणूस उठून खिडकी उघडू शकत नाही, सदरा बदलू शकत नाही, पंख्याखाली सरकू शकत नाही. घरातला माणूस हे सर्व करतो. इंग्लंडमधील मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल ह्या संशोधकांनी १९७० नंतरच्या दशकात ह्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. निकोल ह्यांनी १९७४ साली आपल्याकडील रुरकी आणि इराकमधील बगदाद येथल्या निरीक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला; तिशीच्या वरच्या तापमानातही वाहत्या हवेत बसलेल्या अनेकांना बरे वाटत होते, असे त्यात दिसले. बाहेरचे ऋतुमान बदलते तसे माणसाच्या सुखाचे तापमानही बदलते, हा विचार येथून रुजला.

आता आपल्या देशाकडे येऊ. वास्तुशास्त्राच्या अभ्यासक माधवी इंद्रगंटी ह्यांनी २००८ साली मे, जून आणि जुलै ह्या तीन महिन्यांत हैदराबादेतील पाच इमारतींमधल्या ४५ सदनिकांत जाऊन पाहणी केली. ही कार्यालये नव्हती. तुमच्या-आमच्यासारख्या कुटुंबांची राहती घरे होती. शंभरावर माणसांकडून ३,९६२ वेळा उत्तरे घेण्यात आली. प्रश्न साधा होता: आत्ता तुम्हाला कसे वाटते? त्याचबरोबर खोलीचे तापमान, बाष्प आणि वाऱ्याचा वेग मोजला जाई, आणि खिडकी उघडी आहे की नाही, पंखा चालू आहे की नाही, हेही नोंदले जाई. निष्कर्ष असा निघाला, की ना थंड ना गरम असे वाटण्याचे तापमान २९.२३ अंश होते आणि २६ ते ३२.४५ अंशांपर्यंत लोकांना बरे वाटत होते. त्या वेळची आपली राष्ट्रीय संहिता मात्र उन्हाळ्यासाठी २३ ते २६ अंश सांगत होती!

इंद्रगंटींचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे गेले. लोक खिडक्या का उघडत नाहीत? कोठे डास येतात, कोठे रस्त्याचा गोंगाट, कोठे चोराची भीती, कोठे समोरच्या घरातून आत दिसते म्हणून संकोच. म्हणजे खिडकी नकाशात असणे निराळे आणि ती उघडता येणे निराळे. पुढे त्यांनी साडीचाही अभ्यास केला. शरीरासारख्या तापणाऱ्या पुतळ्यावर साडी निरनिराळ्या प्रकारे नेसवून पाहिली, तेव्हा साडी तीच राहूनही नेसण्यातील फरकाने तिची ऊब बदलते असे आढळले. पदर खोचणे आणि पदर लपेटून घेणे ह्यांतला फरक आपल्या आया-आज्यांना पूर्वीच ठाऊक होता. तो आता मोजला गेला.

ह्याच दिशेचे दुसरे मोठे काम अहमदाबादेस झाले. बाळकृष्ण दोशी ह्यांनी १९६२ साली तेथे जे वास्तुविद्यालय स्थापिले त्यातूनच पुढे सेप्ट विद्यापीठ वाढले. तेथील राजन रावल, संयोगिता मनू, यश शुक्ल आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि शिमला ह्या पाच शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींत, तीन ऋतूंत, ६,३३० उत्तरे गोळा केली. त्यांतून भारतासाठी एक साधे सूत्र निघाले आणि त्यावर आधारलेली पद्धत २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत समाविष्ट झाली. खिडक्यांच्या हवेवर चालणाऱ्या इमारतीसाठी ते सूत्र असे: मागील तीस दिवसांच्या बाहेरील सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणावे आणि गुणाकारात १२.८३ मिळवावे.

हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. दिवस-रात्र मिळून बाहेरची सरासरी ३२ अंश असेल तर ०.५४ गुणिले ३२ म्हणजे १७.२८, त्यात १२.८३ मिळविले की ३०.११ अंश येतात. हिवाळ्यात सरासरी १८ असेल तर उत्तर २२.५५ येते. म्हणजे एकाच गावातल्या त्याच माणसाचे सुख वर्षभरात साडेसात अंश सरकते. हे सूत्र कार्यालयांच्या पाहणीतून आलेले आहे, घरांना ते जसेच्या तसे लावू नये. परंतु त्यातले तत्त्व घरालाही लागू आहे. दर ऋतूत, दर गावी एकच आकडा धरून यंत्र चालविणे म्हणजे नको असलेल्या थंडीसाठी वीज खर्चणे होय. सरकारनेही खोली गार करणारी यंत्रे आपोआप २४ अंशांवरच सुरू व्हावीत असा नियम १ जानेवारी २०२० पासून लागू केला, तो ह्याच काटकसरीसाठी.

येथे मात्र एका धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. हैदराबादच्या पाहणीत सर्वांत कमी उत्पन्नाच्या गटाचे सुखाचे तापमान ३०.२ अंश आले, म्हणजे सर्वांच्या सरासरीहून अधिक. ह्यावरून कोणी असे म्हणेल, की गरिबाला उष्णता बाधत नाही, मग त्याच्या घराला जाड छप्पर कशाला? हा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. ज्याने गारवा कधी अनुभवला नाही, तो कमी मागतो. सोसण्याची सवय म्हणजे सुख नव्हे. शिवाय हवा शरीराहून अधिक तापली की पंखा उष्ण वाराच अंगावर टाकतो. अशा दिवशी वृद्धांना, तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना थंड जागा मिळणे ही चैन नसून जीवरक्षणाची गरज आहे. संशोधकांचा आकडा इमारत सुधारण्यासाठी आहे, माणसाला गप्प करण्यासाठी नाही.

मग इमारतीने काय करावे? आपले इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस, सुमारे २२.७ अक्षांशांवर आहे. त्यामुळे २१ जूनच्या थोडे अलीकडे एकदा आणि थोडे पलीकडे एकदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यात सर्वांत अधिक ऊन झेलते ते छप्पर. त्याखालोखाल सकाळी पूर्वेची आणि दुपारी पश्चिमेची भिंत. म्हणून गच्चीला पांढरा चुना देणे, पश्चिमेस झाड किंवा पडदा राखणे, दुपारी खिडक्या लावून घेणे आणि रात्री त्या उघडून भिंतींना निवू देणे, हे उपाय येथे लागू पडतात. कोकणात हवा दमट आणि रात्रही फारशी निवत नाही; तेथे उतरती कौले, खोल पडवी आणि आरपार वारा हवा. माळव्यातील मे महिन्याची कोरडी हवा ओल्या वाळ्याच्या पडद्यातून आली की गार होते. तोच पडदा श्रावणात निरुपयोगी. घर चांगले की वाईट हे गाव आणि ऋतू विचारल्यावाचून सांगता येत नाही.

आपल्याच शहरातील अरण्य वसाहत ह्या दृष्टीने जाऊन पाहण्यासारखी आहे. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनीच तिची आखणी केली. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना जोते, नळ-संडासाची सोय आणि जागा द्यावयाची. पुढील घर त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे, अशी ती योजना. घरे खेटून असल्याने सामाईक भिंतींना ऊन लागत नाही. ओटे आणि जिने बाहेर असल्याने सायंकाळी माणसे मोकळ्या हवेत येऊन बसतात. १९९५ साली ह्या वसाहतीला आगाखान वास्तुपुरस्कार मिळाला. तेथे राहणाऱ्याच्या हाती काहीतरी ठेवले आहे, ही गोष्ट आम्हास विशेष वाटते.

मित्रहो, ह्या सुट्टीत तुम्हीही एक लहानशी पाहणी करा. एक साधा तापमापक घ्या. सकाळी, भर दुपारी आणि रात्री त्यावरील आकडा वहीत लिहा. मग घरातील प्रत्येकाला विचारा, "आत्ता कसे वाटते?" फार थंड वाटले तर उणे तीन, फार गरम वाटले तर अधिक तीन, काहीच वाटले नाही तर शून्य, मधल्या छटांना मधले अंक. खिडकी, पंखा आणि कपडे ह्यांचीही नोंद ठेवा. "फार उकडते ना?" असे मात्र विचारू नका, तसे विचारले की उत्तर आपणच दिल्यासारखे होते.

आणि ही पाहणी स्वयंपाकघरापासून सुरू करा. जिथे शेगडीची ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो, तिथे पोळ्या लाटणाऱ्या आईला तो प्रश्न बहुधा आजवर कोणी विचारलेला नसेल. तिने सांगितलेला अंक तुमच्या वहीत सर्वांत वर लिहा.