जिन्याच्या दिव्याचा न्यूट्रल

चि. क्षितिजा,

रो-हाऊसच्या जिन्यात टू-वे स्विच जोडताना फेज तळमजल्याच्या सर्किटमधून घे आणि न्यूट्रल दिव्याजवळच्या, वरच्या मजल्याच्या बोर्डातून उचल, असं फोरमननी सांगितलं आणि तू थांबलीस. योग्य केलंस. ‘सगळीकडे असंच करतात, न्यूट्रल म्हणजे न्यूट्रलच’ हे त्यांचं म्हणणं तुला पटलं नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येईना, असं तू लिहिलं आहेस. ते सांगता यायलाच हवं. नुसतं ‘नियमात बसत नाही’ म्हटलं की साइटवर कोणी ऐकत नाही.

आधी एक प्रयोग कर. साइटवरचा टाँग टेस्टर घे आणि चालू गिझरच्या एकट्या फेजच्या वायरीभोवती लाव. आठ-नऊ अँपिअर दिसतील. आता फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम त्याच्या जबड्यात घे. काटा शून्यावर येईल. वायरींतून करंट तेवढाच वाहतो आहे, पण एकीतून जाणारा आणि दुसरीतून परतणारा, त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मिटवतात. सर्किटच्या सगळ्या वायरी एकाच पाइपातून किंवा एकाच केबलमधून न्या, हा नियम या शून्यावर उभा आहे. जोडीतली एक वायर दुसऱ्या वाटेने नेलीस की ते क्षेत्र मोकळं सुटतं.

आरसीसीबीच्या पोटातही हाच जबडा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यातल्या लोखंडी कड्यातून जातात आणि बेरीज शून्य आली नाही तर ती पडते. तुमच्या रो-हाऊसला दोन मजल्यांना दोन आरसीसीबी आहेत, असं तू लिहिलंस. मग फोरमन म्हणतात तशी जोडणी केली तर खालची फक्त जाणारा करंट पाहील आणि वरची फक्त परतणारा. ९ वॅटचा एलईडी दिवासुद्धा चाळीस मिलिअँपिअरच्या आसपास किंवा त्याहून जास्त ओढतो आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी पाडायला तेवढं पुरतं. मला भीती आहे ती पुढच्या पायरीची. दिवा लावला की घर अंधारात जातं म्हटल्यावर कोणीतरी येतं आणि आरसीसीबीच बायपास करून टाकतं. लहान मुलांच्या घरातलं एकमेव संरक्षण एका वायरीच्या कंटाळ्यापायी निघून जातं.

याहून वाईट धोका दुरुस्ती करणाऱ्याला आहे, आणि तो बहुतेक तुझ्यासारखाच कोणी वायरमन असणार. समज, पाच वर्षांनी त्या घरात कोणी वरच्या मजल्याचा बोर्ड उघडला. त्याने वरचा एमसीबी पाडला, फेजला टेस्टर लावला, बल्ब पेटला नाही. निर्धास्त होऊन न्यूट्रलचा जॉइंट सोडवला. पण त्या न्यूट्रलमधून खालच्या सर्किटवरच्या दिव्याचा करंट परतत होता. जॉइंट सुटताक्षणी दिव्याकडच्या टोकावर दिव्यातून आलेला पूर्ण २३० व्होल्टचा दाब उभा राहतो आणि ते टोक त्याच्या बोटांत असतं. त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. चूक आधीच्या माणसाने प्लास्टरमध्ये गाडून ठेवली आहे.

दिव्याऐवजी प्लगसाठी न्यूट्रल उसना घेतला तर आणखी एक गोष्ट घडते. दोन्ही सर्किटं एकाच फेजवर असतील तर दोघांचा करंट एकाच न्यूट्रलमध्ये येतो. एमसीबी फेजवर बसलेला असतो, त्याला या बेरजेचा पत्ता नसतो. वायर तापत राहते आणि काहीच पडत नाही.

आता लोखंडाचं. आपल्या आय.एस. ७३२ मध्ये, म्हणजे वायरिंगच्या भारतीय मानकात, स्पष्ट अट आहे की धातूच्या कॉन्ड्युटमधून ए.सी.च्या वायरी नेताना जाणारी आणि परतणारी एकाच कॉन्ड्युटमध्ये असली पाहिजे. डी.सी.ला ही सक्ती नाही, कारण तिथे क्षेत्र बदलत नाही. ए.सी.मध्ये ते सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतं आणि एकट्या वायरीभोवतीचं पोलाद नुसतं त्यानेच तापतं. एका कारखान्यात मी हे पाहिलं आहे. मोठ्या पॅनेलला तीन सिंगल कोअर केबली पोलादी ग्लँड प्लेटच्या तीन वेगळ्या भोकांतून आत घेतल्या होत्या. प्लेटला हात लावता येत नव्हता, रंग करपला होता, आणि लोक लग सैल असतील म्हणून पुन्हा पुन्हा आवळत होते. सप्लाय बंद करून तिन्ही भोकं जोडणारा चर कापला, तेव्हा प्रत्येक केबलभोवतीचं लोखंडाचं बंद कडं तुटलं. पुढे तिथे ॲल्युमिनियमची प्लेट बसवली. सिंगल कोअर आर्मर्ड केबलला पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या तारांचं आर्मर असतं तेही याचसाठी. आणि एका फेजला दोन-दोन केबली समांतर टाकायच्या असतील तर प्रत्येक पाइपात आर, वाय, बी आणि न्यूट्रल असा पूर्ण संच जायला हवा. सगळे आर एकीकडे आणि सगळे वाय दुसरीकडे, हे दिसायला नीटनेटकं दिसतं, पण ते करू नकोस.

फोरमन म्हणतील, आपले पाइप पीव्हीसीचे आहेत, तापायचा प्रश्नच नाही. तापण्यापुरतं ते खरं आहे. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये कलम ३००.३(बी) सर्किटच्या सगळ्या वायरी, न्यूट्रल आणि अर्थिंगसकट, एकत्र ठेवायला सांगतं, आणि बिगरलोखंडी आवरणाच्या काही प्रकारांना अटींवर सूटही देतं. पण तिथेसुद्धा ही सूट एकाच सर्किटच्या वायरी वेगळ्या वाटेने नेण्यापुरती आहे. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेणं तिच्यात बसत नाही, आणि वर सांगितलेल्या आरसीसीबीच्या आणि दुरुस्तीच्या धोक्यांना पाइप कशाचा आहे याने काहीही फरक पडत नाही.

अर्थिंगची वायरही फेजबरोबरच ने. दोघींमध्ये अंतर पडलं की फॉल्टच्या वाटेचा अडथळा वाढतो. १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत हा फरक नगण्य असतो, मोठ्या केबलीत मात्र ब्रेकर पडायला लागणारा वेळ त्याने लांबू शकतो. सवय लहान कामातच लावून घे.

तुमच्या जिन्याचं काम अवघड नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वरच्याच बोर्डातून घे. वरच्या स्विचपासून दोन वायरी खालच्या स्विचला उतरतील आणि तिथून एक परत वर दिव्याकडे येईल, त्याच पाइपातून. फोरमनच्या पद्धतीपेक्षा एकच वायर जास्त लागते. वायर ओढायची स्प्रिंग पुढे सरकत नसेल आणि पाइप खरोखरच दबला असेल, तर जिन्याच्या कडेने केसिंग-कॅपिंगची पट्टी मारायला सांग. घरमालकाला ती दिसेल आणि कदाचित आवडणार नाही, पण कारण सांगितलं तर बहुतेक लोक ऐकतात. तरीही फोरमन अडून बसले तर साइट इंजिनिअरला दोन ओळी लेखी दे, त्यात फक्त आरसीसीबीचा मुद्दा लिही. तो पाच मिनिटांत करून दाखवता येतो, म्हणून त्यावर वाद होत नाही. दोन्ही बोर्डांचे झाकण काढलेले फोटो मला पाठव, न्यूट्रल लिंकच्या स्क्रूंवरचे नंबर वाचता येतील असे. जोडणीच्या आधी मी पाहून घेतो.

तुझा,
सुधाकाका