शिक्का नकलेचा की मजकुराचा?

कागदावर पडलेली तारीख आणि कागदातील मजकुराची तारीख या दोन भिन्न गोष्टी होत. आमच्या वेल्ह्यात हे कोणीही शेतकरी सांगेल. सामाईक खात्यातल्या दोन भावांनी एकाच गटाचा सातबारा निरनिराळ्या दिवशी काढला, तर उताऱ्यांवरील तारखा वेगळ्या पडतात. पण मध्यंतरी फेरफार झाला नसेल, तर नोंदी त्याच राहतात. जमीन बदलली असे कोणी म्हणत नाही. संगणकाला मात्र हा भेद आपणहून कळत नाही. लिनक्स प्रणालीत त्यातून उद्भवलेली अडचण व तिचे निराकरण यांचा थोडक्यात परिचय करून देण्याचा माझा विचार आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीबरोबर ती शेवटची केव्हा बदलली ही वेळ नोंदलेली असते. ही वेळ १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत मोजतात. अनेक फाइलींचा गठ्ठा बांधून त्याचे ‘पॅकेज’ करतात व ते यंत्रावर बसवितात. एकाच लायब्ररीची ३२ बिटी व ६४ बिटी अशी दोन पॅकेजे एका यंत्रावर शेजारी नांदू शकतात. दोहोंत काही फाइली सामाईक असतात. उदाहरणार्थ, बदलांची नोंदवही. डेबियन प्रणालीचा नियम असा की, अशी फाइल दोन्हींत बाइट न् बाइट एकसारखी हवी. नसल्यास दुसरे पॅकेज बसविण्यास नकार मिळतो.

आता अडचण पाहा. जागा वाचावी म्हणून नोंदवही ‘जीझिप’ या साधनाने दाबून लहान करतात. हे साधन दाबलेल्या फाइलीच्या शिरोभागी चार बाइटांत मूळ फाइलीची वेळ लिहून ठेवते. दोन पॅकेजे काही मिनिटांच्या अंतराने बांधली, की शब्द तेच पण शिक्का निराळा! मग सामाईक फाइल सामाईक राहत नाही.

यावर उपाय दोन. जीझिपला ‘-एन’ हा पर्याय दिला म्हणजे ते वेळ लिहीतच नाही. जेथे तारीख हवीच, तेथे ती यंत्राच्या घड्याळातून न घेता नोंदवहीतील शेवटच्या नोंदीवरून घ्यावी. त्यासाठी २०१५ पासून ‘सोर्स डेट ईपॉक’ हा संकेत रूढ झाला. शेजारच्या भोर तालुक्यातील कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. नकलून घेणाऱ्याने कोणत्या दिवशी लेखणी उचलली, यावर ती तिथी अवलंबून नाही. येथेही तत्त्व तेच.

हा प्रश्न केवळ नेटकेपणाचा नव्हे. आपण बसवितो ते पॅकेज दुसऱ्या कोणी बांधलेले असते. बांधताना त्यात कोणी काही घुसडले नाही, याची खात्री कशी पटावी? तेच मूळ लिखाण व तीच साधने घेऊन तिऱ्हाइताने ते पुन्हा बांधावे आणि दोन्ही ताडून पाहावीत, हाच मार्ग. शिक्क्यांमुळे निरर्थक फरक पडत राहिले, तर त्यांच्या गर्दीत खरा फेरफार लपून जाईल. म्हणून नकलेची तारीख मजकुरात शिरू देऊ नये, हा नियम इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही पटावा असे मला वाटते.