आजचे चिंतन : शस्त्र हाताशी हवे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गीता, अध्याय १५, श्लोक ३. भगवंत सांगतात, खोल मुळांचा हा संसारवृक्ष असंगाच्या बळकट शस्त्राने तोडावा.

आपल्या वाडीला कृष्णेस मिळते तीच पंचगंगा. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री कोल्हापूरच्या शिवाजी पुलावरून मिनीबस तिच्यात कोसळली, १३ जण गेले. तेव्हापासून मी गाडीत घडीचा चाकू ठेवतो.

गाडी पाण्यात पडली तर आधी पट्टा काढायचा. अडकला तर ताणून धरायचा नि पाते अंगापासून दूर ठेवून तिरका कापायचा. लगेच बाजूची काच खाली करायची. होत नसेल तर टोकदार हातोडीने तिचा कोपरा फोडायचा. पुढची काच थरांची असते, ती सहज फुटत नाही. पण चाकू-हातोडी डिकीत असेल तर काय उपयोग?

पट्टा वाईट नव्हे हो! एरवी तोच जीव वाचवतो, लावलाच पाहिजे. पण पाण्यात तोच धरून ठेवतो. प्रपंचाचंही तसंच. माया करावी, वेळ आली की सोडताही यावी. शेवटच्या घटकेला वैराग्य शोधून सापडत नाही. रोजच्या नामाने त्याला धार लावावी.

आजचा संकल्प : एक माळ जप, आणि गाडीतला चाकू हाताशी.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.