खेळ आणि पहारा : संगणकरक्षणाचा एक पाठ

(इयत्ता ७ वी. वेळ : ४० मिनिटे. साहित्य : शाळेचा संगणक, फळा.)



गतवर्षी एका शाळेच्या तपासणीस गेलो असता तेथील संगणकाची फायरवॉल बंद असल्याचे आढळले. चौकशी करता कळले की, दिवाळीच्या सुटीत मोठ्या मुलांना एक सांघिक ऑनलाइन खेळ खेळता यावा म्हणून ती बंद केली होती. पुढे ती सुरू करण्याचे कोणाच्याही ध्यानी राहिले नाही. त्याच यंत्रात सर्व विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक होते. सुदैवाने हानी झाली नाही. परंतु खेळासाठी पहारा उठविणे उचित नव्हे, हा बोध मुलांना अवश्य द्यावयास हवा.

विषयप्रवेश.— मुलांना विचारावे, "गावात पाहुणा यावयाचा असेल, तर वेशीवरील रखवालदारास घरी धाडावे, की पाहुण्याचे नाव त्यास सांगून ठेवावे?" योग्य उत्तर मुलेच देतील. मग सांगावे की, फायरवॉल ही वेशीवरील रखवालदार होय. बाहेरून येणारा संपर्क ती अडविते. अँटीव्हायरस हा आत आलेल्या फाइली तपासणारा पारखी होय. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा उपद्रवी प्रोग्राम जगभर पसरला. कोणी एखादी फाइल उघडण्याचीही त्यास गरज नव्हती. असुरक्षित जोडणी सापडताच तो शिरे. पुढे २००४ साली विंडोज एक्सपीच्या 'सर्व्हिस पॅक २' पासून फायरवॉल प्रथमपासूनच चालू ठेवण्याची प्रथा पडली.

विवेचन.— ब्राउझरमधून खेळावयाचे बुद्धिबळासारखे खेळ सामान्य संकेतस्थळाच्याच मार्गाने चालतात. त्यांकरिता काहीही बदलावे लागत नाही. अडचण बहुधा आपला संगणक यजमान होऊन इतरांना खेळात बोलावितो तेव्हा येते. संपर्काच्या क्रमांकित दारास पोर्ट म्हणतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सामान्यतः २५५६५ क्रमांकाचे दार वापरतो. असा खेळ प्रथम सुरू होताच विंडोज परवानगी विचारते. ती केवळ त्या खेळास, आणि 'प्रायव्हेट' नेटवर्कपुरतीच द्यावी. 'पब्लिक' समोरची खूण काढून टाकावी. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचे प्रयोजन उरत नाही.

फलकलेखन : निवडीच्या कसोट्या

१. अँटीव्हायरस एकच असावा. दोन एकाच वेळी पहारा करू लागले, तर परस्परांस अडवितात व यंत्र मंदावते.

२. विंडोज ११ मध्ये डिफेंडर अँटीव्हायरस व फायरवॉल मुळातच असतात. शाळेच्या साध्या कामास व खेळास ती पुरेशी होत. विकत घेण्यापूर्वी याचा विचार करावा.

३. दुसरा अँटीव्हायरस घ्यावयाचा झाल्यास त्यात 'गेम मोड' आहे का, ते पाहावे. खेळ चालू असता तो सूचना थांबवितो आणि ठरलेली मोठी तपासणी पुढे ढकलतो. संरक्षण मात्र चालूच ठेवितो.

४. यंत्रावर पडणारा भार पाहावा. जर्मनीतील 'एव्ही-टेस्ट' ही संस्था संरक्षण, वेग व वापरसुलभता या तिहींस प्रत्येकी ६ पर्यंत गुण देते. संरक्षणाचे गुण आधी पाहावेत, वेगाचे नंतर.

५. मुलांकरिता वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते असावे. म्हणजे फायरवॉल बंद करणे त्यांच्या हाती राहत नाही.

विशेष सूचना.— खेळाची फुकट प्रत किंवा हमखास जिंकून देणारी फाइल देणारा कोणी "आधी अँटीव्हायरस बंद करा" असे सांगू लागला, तर तेथेच थांबावे. रखवालदारास झोपविण्यास सांगणाऱ्या पाहुण्यावर विश्वास कसा ठेवावा, हा प्रश्न वर्गात अवश्य चर्चिला जावा.

स्वाध्याय.— विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमक्ष फायरवॉल व अँटीव्हायरस चालू आहेत का, हे पाहून तारखेसह वहीत नोंदवावे. सुटीपूर्वी व सुटीनंतर हीच नोंद पुन्हा करावी.

मुलांच्या खेळास आपला विरोध नसावा. त्यांना खेळू द्यावे, आणि वेशीवरचा पहारा जागा ठेवण्याची सवयही त्यांनाच लावावी. ही सवय शाळेबाहेर, घरच्या यंत्रावरही त्यांच्या उपयोगी पडेल.