कष्ट आपले, मग भाकर देवाकडे का मागायची?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. जेवायला बसण्याआधी सगळे डोळे मिटून देवाचे आभार मानतात. रोजची भाकरसुद्धा ते प्रार्थनेत मागतात, असं त्यांच्याकडूनच कळलं. घरातली दोघंही नोकरी करतात. मग स्वतः कमावलेलं देवाने दिलं असं का म्हणायचं? आणि देव देणारच असेल तर कष्ट कशाला?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : हे मागणं येशूनेच शिष्यांना शिकवलं. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायात ते आहे आणि ख्रिस्ती माणूस त्याला प्रभूची प्रार्थना म्हणतो. त्यात भाकर मागितली आहे ती फक्त आजच्यापुरती, वर्षभराचं कोठार नव्हे. याची मुळं आणखी जुनी आहेत. निर्गमच्या पुस्तकात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना नावाचं देवाने दिलेलं अन्न मिळतं. उद्यासाठी साठवलं की त्यात किडे पडतात. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायची मुभा. पण ते कुणाच्या तोंडात आपोआप पडत नसे. पहाटे उठून वेचावं लागे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

पहिल्यासाठी निफाड-दिंडोरीकडे पाहा. द्राक्षबागायतदार एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फवारण्या, सगळं वेळच्या वेळी करतो आणि एका गारपिटीत हाताशी आलेला माल जातो. त्याचे कष्ट खोटे नसतात, पण पीक केवळ कष्टांनी येत नाही हेही त्याला ठाऊक असतं. तुमचे शेजारी ताटावर बसून हेच कबूल करतात. हातात बळ, अंगात आरोग्य, वेळेवर पाऊस, यांतलं काहीही पगारातून विकत घेता येत नाही.

देवावरचा हा भरवसा माणसाला कुठवर नेतो हे मराठीत दोन घरांनी जगून दाखवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की तो त्याचा. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटतं की टिळकांच्या या निश्चिंतीचा बराचसा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. देवावर विसंबणाऱ्या माणसाच्या मागे चूल पेटती ठेवणारं कुणीतरी असतं. त्या व्यक्तीचे कष्ट विसरून केलेली प्रार्थना मला अपुरी वाटते.

दुसरं घर पंडिता रमाबाईंचं. सोळाव्या वर्षी, 1874 च्या सुमारास, त्यांनी आईवडील दुष्काळात गमावले. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. ती मुदत 1898 मध्ये संपत आली, तेव्हा पुण्याजवळच्या केडगावला त्यांच्याकडे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली होत्या. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. हा गृहस्थ माणसांकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर विसंबून हजारो अनाथ मुलं सांभाळत होता. तोच भरवसा रमाबाईंनी धरला. पण म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावला त्यांनी जमीन घेतली, फळझाडं लावली, विहिरी खोदल्या, मुलींना विणकाम आणि छपाई शिकवली. 1900 च्या दुष्काळात केडगावच्या त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमात सुमारे दोन हजार जीव होते. रमाबाईंसाठी गुडघे टेकणं आणि विहीर खोदणं हे एकाच दिवसाचं काम होतं.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल असा प्रश्न. मागितलं की मिळतंच का? नाही. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं. तो टळला नाही. प्रेषित पौलाने एका व्यथेतून सुटका तीनदा मागितली, मिळाली नाही. ती सोसायची ताकद मिळाली. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, त्यांच्या कामाची वारस, 1921 मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या. तोपर्यंत बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. म्हणून प्रार्थना केली की नोकरी लागते, आजार जातो, अशी हमी कुणी देत असेल तर त्यापासून दूर राहा. ज्या प्रार्थनेविषयी तुम्ही विचारता, तिच्यात हमी मागितलेली नाही. हवं ते मिळो न मिळो, देणाऱ्याचा हात सोडायचा नाही, एवढाच तिच्यातला करार आहे.

तेव्हा शेजाऱ्यांना हा प्रश्न संकोच न करता विचारा. तो त्यांना आवडेल. आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर नक्की वाचा, नाशिककराने तर वाचायलाच हवं.