सौम्य गाठीवर किरणोपचार : केव्हा आणि का?

किरणोपचार म्हटले की कर्करोग, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे गाठ कर्करोगाची नाही असा तपासणीचा निष्कर्ष आल्यानंतरही डॉक्टरांनी किरणोपचार सुचविला, तर रुग्णाचे कुटुंबीय गोंधळून जातात. आपल्यापासून काही लपविले तर जात नाही ना, अशी शंका त्यांना येते. तिचे निरसन होणे अगत्याचे आहे.

सौम्य गाठ सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही. परंतु ती निरुपद्रवी असतेच असे नव्हे. डोके व मान या भागात महत्त्वाचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या अत्यंत दाटीने असतात. कानाच्या आतील बाजूस, मोठ्या शिरेलगत वाढणारी पॅरागँग्लिओमा ही गाठ याचे उदाहरण होय. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात आवाज येणे आणि कमी ऐकू येणे ही तिची प्रमुख लक्षणे. ती रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि गिळणे, बोलणे व चेहऱ्याची हालचाल यांचे मज्जातंतू तिच्या निकट असतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा होण्याचा संभव असल्यास किरणोपचाराचा विचार केला जातो.

या गाठीसाठी दररोज थोडी याप्रमाणे सुमारे पाच आठवड्यांत ४५ ते ५० ग्रे इतकी मात्रा देतात. ग्रे हे शोषलेल्या किरणांचे एकक आहे. दुसरी पद्धत रेडिओसर्जरीची. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली ही संकल्पना मांडली. तीत अनेक दिशांनी येणारे बारीक किरणझोत गाठीवर एकवटतात. प्रत्यक्ष चिरफाड होत नाही. श्रवणमज्जातंतूवरील लहान गाठीसाठी एकाच बैठकीत साधारणतः १२ ते १३ ग्रे मात्रा पुरते.

या उपचाराने गाठ बहुधा नाहीशी होत नाही. तिची वाढ थांबते. उपरोक्त दोन्ही गाठींच्या बाबतीत नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत असे यश मिळते. म्हणून पुढील एम.आर.आय. तपासणीत गाठ दिसली, तरी उपचार फसला असे समजू नये. मात्र अशा तपासण्या अनेक वर्षे नियमितपणे करून घ्याव्या लागतात.

तथापि किरणांचा वापर विवेकानेच व्हावयास हवा. १९४८ ते १९६० या काळात इझ्राएलमध्ये डोक्यावरील नायट्यासाठी किरणोपचार घेतलेल्या १०,८३४ मुलांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूला मिळालेली सरासरी मात्रा अवघी दीड ग्रे होती. तरीही त्यांच्यात मेंदूच्या आवरणावरील गाठींचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेनऊ पट आढळले. यास्तव मुले व तरुण यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी बाळगली जाते. लाळग्रंथीच्या सौम्य गाठींवरही प्रथम शस्त्रक्रियाच करतात. वारंवार उद्भवणाऱ्या गाठींसाठी किरणांचा विचार होतो.

गाठ वाढत आहे काय, शस्त्रक्रियेने कोणते मज्जातंतू धोक्यात येतील आणि काही काळ केवळ निरीक्षण पुरेसे होईल काय, हे तीन प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली, म्हणजे निर्णय घेणे पुष्कळ सुकर होते.